चामोर्शीवर चढाई

१९९९च्या मे महिन्यातला एक रविवार. हजर: मी, माझे यजमान, सासूबाई आणि यजमानांचे दोस्त सलीमभाऊ घड्याळवाले. जीप सलीमभाऊंचीच होती आणि तेच चालवत होते. काम: धाकट्या नणंदेचा साखरपुडा, दुपारी, मुलाकडे चामोर्शीला. सासरे हयात नव्हते, त्यामुळे वडिलांच्या जागी पाटावर यजमानांनीच बसायचं होतं. ते पोचले नाहीत तर साखरपुडा नाही. नणंद बाकीच्या पाहुण्यांबरोबर आदल्या दिवशीच पुढे गेली होती.

सामानाची यादी मी केली होती. शालू, नारळ, पेढे, अंगठी. यादीत नसलेली एकच वस्तू जीपमध्ये आली होती: यजमानांचं युद्ध.

युद्ध म्हणजे दोघांनी खेळायचा एक खेळ, नागपूरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेला. फ्रान्सची फौज रशियावर चालून जाते. मोठ्या नकाशावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, आणि पुठ्ठ्याचा एकेक चौकोनी तुकडा म्हणजे एकेक पलटण. यजमान फ्रान्स, सलीमभाऊ रशिया. एक डाव महिनोन्‌महिने चाले. साखरपुड्याच्या पंगती उठेपर्यंत थोडं लढून घेऊ, असा दोघांचा बेत होता.

रशियातली नावं सलीमभाऊंच्या तोंडात बसत नव्हती. म्हणून त्यांनी मॉस्कोचं चामोर्शी केलं, वाटेतल्या शहराचं गडचिरोली, आणि अलीकडच्या नदीची वैनगंगा. ही नावं लिहून नकाशावर चिकटवली मी. (माझं अक्षर चांगलं आहे.) तुकडे हरवू नयेत म्हणून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या जमवून त्यांवर पट्ट्याही मीच लावल्या: ‘मेलेले’, ‘जंगलात लपलेले’, ‘पूल उडवणारे’, ‘कुमक’. वस्तू हाक मारल्यासारखी सापडली पाहिजे, हे माझं तत्त्व.

वैनगंगेच्या पुलाअलीकडे नाकाबंदी होती. आमच्या भागात त्या काळी नक्षलवाद्यांमुळे नाकाबंदीची नवलाई नव्हती. एका शिपायाने खेळाची पिशवी उघडली. एक डबी वाचली. दुसरी वाचली. ‘पूल उडवणारे’ कानाशी नेऊन हलवली, मग बाळाला निजवावं तशी खाली ठेवली आणि मागे मागे सरकला.

“साहेब, इकडे या जी.”

फौजदार आले. त्यांनी नकाशा बॉनेटवर पसरला. जाड लाल बाण वैनगंगा ओलांडून, गडचिरोलीला वळसा घालून थेट चामोर्शीत घुसत होते. (लाल शाई माझी.)

“कुठी चालले?”

“चामोर्शीले,” यजमान म्हणाले.

“कधी पोचाचं आहे?”

यजमान घाबरले की नको तितकं खरं बोलतात. “आमाले दुपारी. फौजेले बर्फ पडाच्या आत.”

त्या उन्हात फौजेचं आणि बर्फाचं नाव निघताच शिपायांच्या बंदुका वर झाल्या. मुठीत अंगठीची डबी घामाने भिजली होती. यजमानांना आत बसवलेलं, पाट रिकामा आणि मुलाकडचे लोक उठून चाललेले, हे सगळं मला तिथेच दिसायला लागलं.

“अक्षर कोणाचं आहे हे?”

तिघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं. आमच्या घरात एवढं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

“बाबू,” सासूबाई जीपमधून म्हणाल्या, “याले घरात मीठ कुठी आहे थे मालूम नाई. हा काय पूल उडवते? खेळ आहे थो त्याचा.”

“खेळ आहे म्हणता ना?” फौजदार म्हणाले. “मंग खेळून दाखवा.”

डाव मांडला. यजमानांनी घोडदळ उचललं आणि नदीपलीकडे ठेवलं. सलीमभाऊंनी नुसती मान डोलावली असती तर आम्ही सुटलो असतो.

“घोडे तिथून नाई जात, भाऊ. पूल मी उडवला आहे.”

मी डोळे मिटून घेतले.

“कधी उडवला?” यजमानांनी विचारलं.

“गेल्या शुक्रवारी. तुमी चहा पिऊन राह्यले होते.”

“मले काऊन नाई सांगितलं?”

“दुश्मनाले सांगून उडवते का कोणी?”

“म्हणजे मी चहा पेताना तुमी माह्या पाठीमागं...”

“नियम काढा. सतरावं पान.”

नियमांचं पुस्तक निघालं. बंदुका रोखलेल्याच होत्या, पण दोघांना त्यांचं भान उरलं नाही. घरी ज्या भांडणाने मी रोज वैतागत असे, ते भांडण त्या दिवशी मी देवाच्या आरतीसारखं हात जोडून ऐकलं. फौजदारांचा कमरेवरचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी सासूबाईंनी पुढे केलेला पेढा घेतला.

“सोडून दे रे यायले,” ते शिपायाला म्हणाले. “हे पुलापर्यंत पोचाच्या आधीच आपसात भांडून मरतेत.”

एक डबी मात्र त्यांनी वर दाखवायला म्हणून ठेवून घेतली. ‘कुमक’. “येताना घेऊन जा,” म्हणाले.

साखरपुडा वेळेवर झाला. परतताना तो नाका टाळायला मी जीप आष्टीवरून वळवायला लावली, लांब पडलं तरी.

नणंदेची मुलं आता कॉलेजात आहेत. यजमानांची फौज अजून कपाटावर, चामोर्शीच्या वेशीबाहेर उभी आहे. कुमक आल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत आणि सलीमभाऊ हार मानत नाहीत. नाक्यावर जाऊन नेमकं काय म्हणायचं, आमचं सैन्य तुमच्याकडे राहिलंय म्हणून? त्यामुळे माझ्या यादीतली बाकी सगळी कामं खोडली जातात आणि ‘पुलावरून कुमक आणणे’ हे एक तेवढं दर वर्षी नव्या यादीत मी पुन्हा लिहिते. चांगल्या अक्षरात.