दोन बदकांचे घर आणि पेत्राशोवाबाई

ल्युदमिला पेत्राशोवा, जन्म १९३१, मृत्यू २००४. प्राग शहरात एकतीस वर्षे परवानाधारक मार्गदर्शक, बिल्ला क्रमांक २१४.

त्या काळी परदेशी पाहुणे थोडे येत आणि त्यांच्यापाशी वेळ असे. बाईंची एक रीत होती. किल्ला दाखवून झाला की त्या खुणेसाठी उंच धरलेली छत्री खाली करीत आणि पाहुण्यांना अर्धा तास मनसोक्त वाट चुकायला सांगत. स्वतः पुलाच्या पायथ्याशी उभ्या राहत. कोळशाच्या धुराचा वास असलेल्या त्या गल्ल्यांतून माणसे एकेकटी परत येत, तेव्हा त्यांचे चेहरे बदललेले असत. तसे चेहरे पुढे मी फारसे पाहिले नाहीत.

माला स्त्राना भागात एका दारावर दगडी बदकांची जोडी आहे. त्यांतले एक मान वळवून रस्त्याकडे पाहते. १९६७च्या शरदात लाइपझिगहून आलेल्या एका वृद्ध विधुराने, असे का, म्हणून विचारले. लग्नानंतर तो पत्नीसह याच गल्लीतून हिंडला होता. बाईंना कारण ठाऊक नव्हते. दप्तरातही नोंद नव्हती. तरी त्यांनी सांगून टाकले, की या घरातला सोनार परदेशी गेला तेव्हा वाट पाहणाऱ्या बायकोने ती मान कोरवून घेतली. म्हाताऱ्याने टोपी काढली.

पुढे बाई ती गोष्ट सर्वांनाच सांगू लागल्या. इतर मार्गदर्शकांनी ती उचलली आणि यथाकाल ती परीक्षेच्या पुस्तिकेत छापली गेली.

१९९६ साली जुन्या परवान्यांची फेरपरीक्षा झाली. परीक्षा मंडळावर आम्ही तिघे मार्गदर्शक होतो. बाईंच्या प्रश्नाची चिठ्ठी निघाली ती नेमकी दोन बदकांची. बाईंनी ही गोष्ट खोटी असून आपणच ती रचली, असे शांतपणे सांगितले.

अध्यक्ष चाळिशीचे होते आणि पुस्तिका त्यांचीच होती. ते म्हणाले, "अहो बाई, हे पुस्तकात आहे."

"असणारच. तुम्ही विद्यार्थी असताना माझ्या मागून फिरलात ना? अर्धं लक्ष हातातल्या रोहलीक पावामध्ये होतं, तरी बरंच उतरवून घेतलंत की."

मी हसू दाबले. अध्यक्षांनी मात्र वाट मोकळी ठेवली. आमच्या धंद्यात संशयास्पद गोष्टीआधी दोन शब्द जोडण्याची पद्धत आहे. "नुसतं 'असं सांगतात' म्हणा, मी पास करतो. बिल्ला जाईल नाहीतर."

बाईंनी बिल्ल्यावर बोट फिरवले. "कोण सांगतात? मीच सांगितलं. त्या म्हाताऱ्याला एकदा फसवलं, ते पुरे झालं."

दोन विरुद्ध एक मतांनी त्या अनुत्तीर्ण ठरल्या. बिल्ला त्यांनी स्वतःच काढून टेबलावर ठेवला.

त्यानंतरची आठ वर्षे त्या आपल्याच शहरात पाहुण्यासारख्या हिंडल्या. विनापरवाना बोलणे गुन्हा, म्हणून हातात नकाशा उघडून कुणाच्याही घोळक्याच्या शेवटी उभ्या राहत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "इतकी वर्षं घरांकडे पाठ करून चालले हो मी. ती नीट आत्ता बघतेय."

माझे विरोधी मत नोंदवहीत आहे. फेरविचारासाठी बाईंनी केलेल्या अर्जावर शेवटपर्यंत निर्णय झाला नाही. २१४ क्रमांक पुन्हा कुणाला दिलेला नाही. ब्रनोच्या त्यांच्या भाचीने मला पत्र लिहून आठवण म्हणून बिल्ला मागितला. जप्त वस्तू नातेवाइकांस देण्याची तरतूद नाही, असे कचेरी म्हणते. तिच्या पत्राला मी अजून उत्तर लिहिलेले नाही.