सासरच्या माणसांचं वजन

सासरच्या माणसांचं वजन किती धरावं, हे इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी शिकवत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं. सासऱ्यांनी मंगळवार पेठेतल्या घरावर मजला चढवायला काढला. "सून इंजिनिअर असताना भाईर कशाला जायाचं?" म्हणून डिझाइन माझ्या गळ्यात! (नवी सून, नाही कशी म्हणणार?) मी स्लॅबचं वजन धरलं, माणसांचं धरलं, रस्त्यावर काढलेल्या गॅलरीला हलकी लोखंडी जाळी दाखवली आणि माहेरी गेले. परत येते तो जाळीच्या जागी विटांचा जाडजूड कठडा आणि त्यावर सिमेंटच्या कुंड्यांची रांग!

"मामंजी, हे वजन मी धरलं नव्हतं!"

"मग आता धर की!"

धरणारच होते. पण वास्तुशांत आली. दुसऱ्या दिवशी मटण म्हणून शाहूवाडीचे सगळे पावणे मुक्कामाला राहिले आणि नेमका त्याच दिवशी पेठेच्या संघानं फुटबॉलचा कप जिंकला! खाली हलगी, गुलाल. मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर अख्खं सासर गॅलरीत!

"सगळे आत या!"

"का गं? कप आत येणार हाय व्हय?" सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई म्हणाल्या. त्या अगदी टोकाला, कठड्यावर रेललेल्या. (अधांतरी गॅलरीत टोकाचं वजनच सगळ्यात वाईट!) घाबरून माझ्या तोंडातून गेलं, "आत्याबाई, तुमचं वजन किती?"

"पावण्यांम्होरं माझं वजन काढतीस? ह्या घरात माझं वजन किती हाय, ते दावतेच तुला!" आणि त्यांनी दाणकन पाय आपटला.

"आपटू नका! हलत्या वजनाचा हिशेब वेगळा असतो!" असं किंचाळत मी त्यांना ओढायला गॅलरीत उडी घेतली.

"अगं, तूच नाचाय लागलीस की!" नवरा ओरडला.

शेवटी मी ब्रह्मास्त्र काढलं. "पानं वाढलीत! पांढरा रस्सा निवतोय!"

गॅलरी क्षणात रिकामी! पण मटण अजून शिजायचं होतं. फसलेलं सासर तणतणत दिवाणावर बसलं. मधोमध आत्याबाई. मी हुश्श केलं, आणि कडाड्! दिवाणाचे दोन तुकडे, आत्याबाई थेट फरशीवर!

सासूबाईंनी आधी गॅलरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "गॅलरी तर हाय तिथंच हाय की गं. ह्यो दिवाण कुणाचा?"

दिवाण माझ्या माहेरचा होता.

नंतर मी बसून हिशेब केला. कठडा, कुंड्या, आत्याबाई, सगळं धरून गॅलरी भक्कम निघाली. नवखेपणाच्या भीतीनं मी त्यात बेसुमार लोखंड घातलं होतं! पण ऐकणार कोण? सासरे आजही आल्यागेल्याला सांगतात, "पावणं, गॅलरीत बिनघोर बसा. आत बसायचं असंल, तर आधी सूनबाईला वजन सांगा!"