भाऊजी, आधी बघू द्या

माझ्या मेहुण्याइतकं माणसाला निरखून बघणारं माणूस अख्ख्या दिल्लीत नसेल, आणि त्या बघण्याने दुसऱ्याचं डोकं उठवणारंही. बायकोचा हा धाकटा भाऊ, जन्मभर ॲम्ब्युलन्सवर नोकरी केली, मुनिरक्यात आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. नोकरी संपली तरी कुणाच्या घरी गेला की दारातच थांबायचा. वर बघायचा, खाली बघायचा, मग चप्पल काढायचा. मी म्हणायचो, "सामान मोजतोस काय रे?" तर म्हणे, "नाही भाऊजी, आत जाऊन मीच पडलो तर तुम्हाला एकाऐवजी दोघांना उचलावं लागेल." कुणी हात मिळवायला पुढे केला की मनगटच धरायचा. नाडी मोजून झाली तरी सोडत नसे, कारण तेवढ्यात तो गुपचूप श्वास मोजायचा. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, असं त्याचं म्हणणं. माझ्या निवृत्तीच्या चहापानाला त्याने आमच्या साहेबांचं मनगट एवढा वेळ धरून ठेवलं की साहेब लाजले.

पानिपतला एका लग्नात भर उन्हाळ्यात नवऱ्या मुलाचा मामा कूलरपाशी धाडकन पडला. बायका पाणी घेऊन धावल्या, आणि हा दारात उभा राहून वायरी बघत बसला. "माणूस मरतोय आणि हा छत बघतोय," एक म्हातारी ओरडली. हा म्हणाला, "माताजी, एक पाऊल पुढे नाही. पहले बिजली बंद." वीज बंद केली, मग कळलं की कूलरच्या पत्र्यात करंट उतरला होता. मामा वाचला, म्हातारीही वाचली. जेवताना तिनेच त्याला वाढलं, पण शिव्या काही थांबवल्या नाहीत.

एका संकष्टीला दुपारी माझी बायको स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेना. घामाने चिंब, बोलणं भलतंच. मला वाटलं, ऊन लागलं. मेहुण्याला बोलावलं आणि म्हटलं, "उचल, रिक्षा आणतो." तो म्हणाला, "आधी बघू द्या." तिच्यासमोर बसला. "ताई, मी कोण?" ती म्हणाली, "दूधवाला." मग मला विचारलं, "काय खाल्लं? कुठल्या गोळ्या घेते? कधी घेतल्या?" गोळ्या तिच्या तीच घ्यायची, मला काय ठाऊक. तो म्हणाला, "भाऊजी, स्कूटरचा प्लग कधी बदलला ते तारखेसकट सांगता. ताईची गोळी सांगता येत नाही?"

डबा उघडून त्यानेच पाकीट शोधलं. साखरेच्या आजाराची गोळी सकाळी घेतली होती, आणि उपास म्हणून पोटात काही नाही. आवंढा गिळता येतोय का ते पाहून त्याने साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. थोड्या वेळाने ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू कधी आलास रे? चहा टाकू?" तो तिथेच फरशीवर बसून रडला. मग डोळे पुसून तिला दवाखान्यात नेलं, कारण तशी गोळी पुन्हा साखर उतरवते म्हणे.

त्यानंतर ती तीन वर्षं राहिली. मी सातवी नापास माणूस, पण तिच्या गोळ्यांची नावं अक्षर अक्षर लावून पाठ केली. काय खाल्लं, किती टाकलं, सगळं विचारायचो. ती म्हणायची, "आता तुम्हीपण ॲम्ब्युलन्सवर लागा."

ती गेली ती सकाळी, झोपेतच. मेहुणा आला, त्याने बघितलं, आणि मला काहीच विचारलं नाही. मीच सांगत सुटलो. रात्री दीड पोळी, दुधीची भाजी, ताक नको म्हणाली. गोळी जेवणाआधी, पांढरी, अर्धी. त्याला आता यातलं काही नको होतं, तरी त्याने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मी थांबल्यावर हळूच म्हणाला, "आणि दुपारची?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुपारची अजून द्यायचीय."

"बरं," तो म्हणाला, आणि माझ्याजवळ बसून राहिला.