पीण्यातल्या ठिणग्या

आज मी जो काही आहे, तो कांबळे सरांमुळे. निपाणीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत ते विज्ञान शिकवत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बंगळूरच्या मुलाखतीला निघालो तेव्हा सर एसटी स्टँडवर आले आणि एवढंच म्हणाले, "घाई करू नकोस, आधी दिशा बघ."

सकाळी बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्थानकावर उतरलो. खाराबात (तिखट रव्याचा उपमा) आणि अर्धा पेला कॉफी घेतली, आणि समोर आलेल्या बसमध्ये धावत चढलो. बस छान पळत होती. तिकिटासाठी पीण्याचं, म्हणजे मुलाखत होती त्या कारखान्यांच्या भागाचं, नाव घेतलं तसा कंडक्टर हसायला लागला. "पीण्याला जायचंय आणि एवढ्या जोरात बनशंकरीला निघालायस?"

उलट फिरून पीण्याच्या त्या छोट्या कारखान्यात पोचेपर्यंत अर्धा तास उशीर झाला. तिथले फोरमन तीन पिढ्यांपासून बंगळूरचे मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"उशीर का?"

"बस जोरात होती अण्णा, पण बनशंकरीची."

"म्हणजे चाल होती, वेग चुकला! वेग म्हणजे काय रे?"

"एकक वेळात ठरावीक दिशेनं कापलेलं अंतर."

"पुस्तक राहू दे." त्यांनी बंद ग्राइंडर दाखवला. चाकाच्या झाकणावर बाण होता: समोरची बाजू वरून खाली फिरणार. "मी इथं समोर लोखंड टेकवतो. ठिणग्या पडतील तिथं हा पत्र्याचा ट्रे धर. जमलं तर नोकरी."

ही माझी तिसरी मुलाखत. आधीच्या दोन्हीकडून नकार आला होता. मी घाबरून ट्रे छातीसमोर धरला.

"अण्णा, हा लढाईला आलाय!" लेथवरचा कामगार ओरडला.

तेवढ्यात नववीतला पेपर आठवला. गोफणीतून सुटलेल्या दगडाचा बाण मी वर्तुळाच्या मध्यावरच्या हातापासून सरळ बाहेर काढला होता. सरांनी अर्धा गुण कापला आणि मैदानावर गोफण फिरवून दाखवली. सुटण्याच्या क्षणी दगड जिकडे निघालेला असतो, तिकडेच तो सरळ जातो. इथं चाकाची कड खाली निघालेली होती.

मी ट्रे चाकाखाली जमिनीवर ठेवला. "स्वल्प (थोडं) मागं सरक," म्हणत अण्णांनी बटण दाबलं. ठिणग्यांची धार सरळ खाली, ट्रेमध्ये!

"सरी (ठीक)," अण्णा म्हणाले. "एक तारखेला ये. बस बघून बस."

परतीची बस येतानाच्याच चालीनं धावत होती. वेग मात्र वेगळा होता, कारण आता ती घराकडे निघाली होती. सामान न्यायला दोनच दिवस गावी राहिलो. सर तेव्हा लेकीकडे गेले होते, म्हणून बंगळूरला परतल्यावर पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सा. न.

नोकरी लागली. ठिणग्या तुमच्या गोफणीतल्या दगडासारख्याच निघाल्या. नववीतला अर्धा गुण आता तरी द्यावा. सध्या मुक्काम पीण्यात, आपल्या गावापासून आग्नेयेला. दिशा नकाशात दोनदा तपासली आहे."