लाइव्ह अल्बम, बेसमेंट अल्बम

डीजेकडे गाण्यांपेक्षा किस्से लवकर साठतात. गाणी डिलीट तरी करता येतात. किस्से दर पॉटलकला, घरोघरचे डबे जमले की, कुणीतरी पुन्हा लावतंच.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आम्ही तिघं. मी आणि नागपूरचा हर्षद आयटीतले, वीकेंडपुरते डीजे. केतकी इथेच जन्मलेली, फार्मसिस्टची नोकरी सोडून फुल-टाइम डीजे झालेली. गाण्याला गाणं जोडून आम्ही तासाभराचे मिक्स अल्बम काढतो. केतकी म्हणते, लोकांसमोर वाजवलं ते चुकांसकट रेकॉर्ड करा. हर्षद म्हणतो, घरी बसून कॉम्प्युटरवर नीट बनवा. मी मधे असतो.

*

हर्षदने पहिला अल्बम बेसमेंटमध्ये सहा वीकेंड घालून बनवला. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळताच कामा नये, हा त्याचा हट्ट. गाडीत बायकोला, मृणालला ऐकवला. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "छान आहे रे. पण हे गाणं संपणार कधी?"

तोवर सात गाणी होऊन गेली होती.

*

बाकीचे म्हणाले, यात जान नाही. मग हर्षदने त्याच अल्बममध्ये शिट्ट्या, टाळ्या आणि 'वन्स मोअर' घातलं. आवाज सगळे आम्हा तिघांचे, बेसमेंटमधलेच.

महिन्याभराने मराठी मंडळाच्या पिकनिकला देशपांडेकाका भेटले. "काय प्रोग्रॅम झाला होता यार तो. मी पुढच्याच रांगेत होतो."

हर्षद म्हणाला, "हो काका, दिसलात ना."

*

केतकीचा पहिला लाइव्ह अल्बम एका साखरपुड्यातला. ऐन रंगात हॉलच्या मॅनेजरने माइकवरून सांगितलं, कुणाच्या तरी पांढऱ्या व्हॅनचे लाइट चालू राहिलेत.

"काप ते," हर्षद म्हणाला.

"नो वे. बरोब्बर बीटवर आलंय."

पुढच्या लग्नात नवऱ्या मुलाची मावशी तिच्याजवळ येऊन म्हणाली, "ते व्हॅनवालं लाव ना गं."

*

मागच्या वर्षी एका रविवारी दुपारी, मंडळातल्या बायकांच्या कार्यक्रमात, केतकीचा लॅपटॉपच बंद पडला. गाणं मधेच तुटलं. मग मागून कुणीतरी एकटीने ताल धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हळूहळू सगळ्या बायका वाजवायला लागल्या. लॅपटॉप सुरू झाल्यावर केतकीने त्याच तालावर पुढचं गाणं उचललं. रेकॉर्डर वेगळा होता, तो चालूच राहिला.

या वेळी तिनेच रेकॉर्डिंग हर्षदला दिलं. "एवढं मात्र काप. मला ऐकवत नाही."

दोन दिवसांनी हर्षदने आम्हाला बोलावलं आणि तिला हेडफोन दिले. "पहिल्या टाळ्या कोणाच्या? बांगड्या वाजतायत बघ."

तिने तीनदा ऐकलं. "दॅट्स आई. आरतीला अशीच वाजवते, जरा घाईत."

नोकरी सोडल्यापासून चार वर्षांत आई तिच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. केतकीने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"आई, रविवारी तू हॉलवर आली होतीस?"

"मी? नाही गं, घरीच होते मी," आई म्हणाली. "लॅपटॉप दुरुस्त झाला का तुझा?"