मिताची दुसरी वही

मिता गेली त्याच्या चार दिवस आधी, भर दुपारी, कूलरच्या आवाजात तिनं मला खाटेजवळ बोलावलं. खाटेखाली तिचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. तो शीलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ओढून वर ठेवला. मिताच्या हातांत तो उचलण्याइतकं बळ राहिलं नव्हतं. झाकणावर हात ठेवून ती म्हणाली, "भाऊ, यात माही वही आहे. मी गेल्यावर जाळजो. वाचू नको." असं बोलू नये, तू बरी होशील, असं मी काहीतरी पुटपुटलो. ते तिनं ऐकलंच नाही. "जाळाले जे लागते ते पण आतच ठेवलं आहे. तुले काही शोधा लागणार नाही... अन् तुले तर सवय आहे न." एवढं बोलून ती हसली. माझी धाकटी बहीण संघमित्रा, घरातली मिता, अठ्ठेचाळीस वर्षांची. ते हसणं कसलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती गेली त्याला आज पाच आठवडे झाले.

तिच्या वहीबद्दल सांगण्याआधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव त्याच आठवड्यात बाहेर गेले. नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, आणि बैठकीत बावीस प्रतिज्ञांची चौकट. गंडादोरा, नवससायास हे शब्दसुद्धा वडिलांना घरात चालत नसत. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागलो आणि आम्ही पाच-सहा शिक्षक सुटीच्या दिवशी गावोगावी जाऊन बुवाबाजीचे चमत्कार उघडे करून दाखवू लागलो. माझा हातखंडा प्रयोग म्हणजे मंत्रानं पेटणारा अग्नी. घमेल्यात लाकडं रचायची, खाली पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड गुपचूप टाकून ठेवायची, तूप म्हणून वरून ग्लिसरीन ओतायचं आणि तोंडानं काहीतरी बडबडायचं. वीसेक सेकंदांत भपकन जाळ. बायाबापड्या हात जोडायच्या, मग मी त्यांना खरं काय ते सांगायचो. टाळ्या मला मिळायच्या. पूड कुटायचं काम मिताचं होतं.

ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आठवीत असल्यापासून ती माझ्याबरोबर यायची, सामानाची पिशवी तिच्याकडेच असे. घरून निघण्याआधी ओसरीवर बसून ती खलबत्त्यात ते खडे मैद्यासारखे बारीक करायची आणि बोटांवरचे तपकिरी डाग आठवडाभर मिरवायची. मी कधी कुटलं नाही. मागितली की पुडी हातात यायची. ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली त्याचं निम्मं श्रेय मी उगाचच स्वतःकडे घेत आलो आहे.

पुढे तिला बुटीबोरीला एका कापड कारखान्याच्या रंगशाळेत नोकरी लागली. कापडाला कुठला रंग किती मापानं चढतो ते बघायचं, नमुन्याचा तुकडा नोंदवहीत चिकटवायचा, बाजूला कृती आणि तारीख लिहायची आणि शेवटी निष्कर्ष. लग्न तिनं केलं नाही, आणि आम्ही विचारणं सोडून दिलं. पस्तिशीच्या आसपास तिच्या हातात एक वेगळीच वही दिसू लागली. मी एकदा विचारलं, "काय लिहून राहिली वं? कविता?" ती सरळ म्हणाली, "जादू."

विक्का नावाचा एक पंथ आहे, तिकडे विलायतेत निघालेला. निसर्गाला, ऋतूंना, चंद्राच्या कलांना मानणारी ही माणसं. कोणाचंही वाईट चिंतायचं नाही हा त्यांचा मोठा नियम. तिला तो इंटरनेटवर सापडला होता. पुण्या-बंगळूरच्या तीन-चार बायका होत्या, त्या महिन्यातून एकदा फोनवर एकमेकींना भेटायच्या. यात प्रत्येकानं स्वतःची वही करायची असते. विधी, औषधी झाडपाला, स्वप्नं, काय केलं आणि काय झालं, सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं. ती वही सहसा दुसऱ्याला दाखवत नाहीत, आणि लिहिणारं माणूस गेलं की जाळून टाकतात. हे सगळं तिनंच मला सांगितलं, अगदी रांगेत, पाठ सांगितल्यासारखं. मी पोट धरून हसलो. दीक्षा घेतलेल्या घरात चेटूक! ती चिडली नाही. "वंदनेत आपण रोज म्हणतो न भाऊ, या अन् स्वतः पाहा. मी पाहून राहिली."

आणि ती खरंच पाहत होती, हे मला फार उशिरा, तिच्या आजारपणात तिच्याच बोलण्यातून कळलं. त्या पंथाच्या मूळ सणांमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला होळी पेटवून नाचायचं असतं. मिताचं म्हणणं, ज्यांनी हे ठरवलं त्यांनी नागपूरचा मे पाहिलेला नाही. तिनं तो सण उचलून पळस फुलतो त्या दिवसांवर नेला. त्यांच्या झाडपाल्यातलं इथं काही मिळेना, म्हणून संत्र्याची वाळलेली साल आणि कूलरच्या जाळीतला जुना वाळा जाळून बघितला. पळसाच्या फुलांत रंगवलेले कापडाचे तुकडे ती वहीत चिकटवायची, बाजूला चंद्राची कला आणि हवेतली उष्णता. नोंदीखाली, रंगशाळेत लिहायची तसाच, एक निष्कर्ष. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असायचं, "ठरत नाही."

नऊ वर्षांपूर्वी शीलाला ताप येऊ लागला. उतरे, पुन्हा चढे, दोन महिने डॉक्टरांना निदान सापडेना. एक दिवस घर आवरताना तिला मिताच्या उशाखाली वही दिसली आणि वहीतून लाल दोरा लोंबताना दिसला. त्या पानावर शीलाचं नाव, दोऱ्यात ओवलेल्या लवंगा आणि मीठ बांधलेलं एक फडकं. शीला ओरडली. शेजारच्या दोघी धावत आल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं... नणदेनं वहिनीवर करणी केली. आता मी काय करायला हवं होतं? ते पान पूर्ण वाचायला हवं होतं, मिता यायची वाट पाहायला हवी होती. मी गावोगावी सांगत आलो होतो की बाईवर असा आळ घ्यायला एक दोरा पुरतो. तो आळ माझ्याच बहिणीवर येतो आहे म्हटल्यावर मला एकच गोष्ट सुचली, प्रयोग करायचा. मी घमेलं अंगणात ठेवलं, गल्लीतल्या लोकांना बोलावलं आणि मिताची वही घमेल्यात ठेवली. कपाटात काचेची बरणी होती, तिच्यावर मिताच्या अक्षरात चिठ्ठी होती. बरणीतली पूड टाकली, ग्लिसरीन ओतलं आणि भाषण केलं. बघा, कागद आहे हा, कागदानं कोणाचं काही होत नसते. वही पेटली. कोणी टाळी वाजवली नाही. तिची पहिली वही जळाली ती तिनंच कुटून ठेवलेल्या पुडीनं.

मिता कारखान्याच्या बसमधून उतरून गल्लीत आली तेव्हा घमेल्यातून अजून धूर येत होता. डब्याची पिशवी खांद्याला तशीच. लोक बाजूला झाले. ती घमेल्याजवळ उभी राहिली, राखेत दिसणारा कापडाचा एक तुकडा तिनं पायाच्या अंगठ्यानं उलटा केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुहा तर विश्वास नाही न भाऊ? मंग भेला काहून?"

मी म्हणालो, मी भ्यालो नाही, लोकांची भीती घालवली. हे वाक्य मी पुढे स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की ते मला पाठ झालं, पटलं मात्र कधीच नाही. भ्यालो होतो. त्या पानावर शीलाचं नाव बघितलं आणि पुढचं न वाचताच मी वही मिटली होती, ती काही लोकांसाठी नव्हे.

पंधरा दिवसांत तिनं बुटीबोरीला खोली घेतली. भांडण असं झालंच नाही. सणावाराला यायची, शीलाशी बोलायची, माझ्याशीही बोलायची. शीलाचा ताप यथावकाश औषधांनी उतरला. वर्षभरानं मी धरमपेठेत एका स्टेशनरीच्या दुकानात शिरलो तर काउंटरवर मिता, जाड बांधणीच्या वहीची पानं बोटानं चाळत होती. शाई फुटते का ते बघत होती. मला पाहून म्हणाली, "पहिलीतलं आठवून आठवून लिहून राहिली. निम्मं गेलं." मी तिथं, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, धीर करून विचारलं, शीलाच्या पानावर काय होतं? "वहिनीचा ताप उतरावा म्हणून केलं होतं ते. निष्कर्ष लिहायचा राहिला होता." मग वही बंद करून, "आता लिहिला. ताप उतरला, पण डॉक्टरचं औषध चालू होतं. श्रेय कोणाचं, ठरत नाही." माफ कर, हे दोन शब्द मी त्या दुकानात म्हणायला हवे होते. मी तिच्या वहीचे पैसे द्यायला पुढे झालो. तिनं माझा हात बाजूला केला.

गेल्या वर्षी मिताच्या पोटात गाठ निघाली आणि ती आमच्याकडे राहायला आली. तिचं सगळं शीलानं केलं. जी बाई एका दोऱ्याला पाहून ओरडली होती, तीच पौर्णिमेला दिवेलागणीच्या आधी मिताला धरून गच्चीवर न्यायची. मिता काय करायची ते शीला बघायची, काही विचारायची नाही. एकदा मी शीलाला म्हटलं, तुला आता भीती नाही वाटत? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी मी तापात होती. तुम्ही कशात होते?"

मिता गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, मी डबा उघडला. वर वही. वहीखाली कागदाच्या पुडीत पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनची छोटी बाटली. म्हणजे तिला त्याच पद्धतीनं हवं होतं. ही थट्टा होती, की शिक्षा, की लहानपणची आठवण म्हणून तिनं ते आपलं सहज ठेवलं होतं? विचारायला ती नाही. मी घमेलं काढलं, तेच घमेलं, आणि अंगणात त्याच जागी ठेवलं. वही आत ठेवली, वर पुडी रिकामी केली आणि ग्लिसरीन ओतलं. शीला दारात उभी होती.

वीस सेकंद झाले. मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. काहीच झालं नाही. जांभळा ओघळ वहीच्या पुठ्ठ्यावरून खाली घमेल्यात उतरला, एवढंच. आता मला, पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला, कारण माहीत आहे. खडे भरड होते. भरड खडे लवकर धरत नाहीत, ते बारीक कुटावे लागतात. मी आजवर कधी कुटलेच नव्हते, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. तिच्या हातात कुटायची ताकद राहिली नव्हती, की तिनं मुद्दाम तसेच ठेवले, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

वही पुसायला म्हणून मी उचलली आणि ती शेवटच्या लिहिलेल्या पानावर उघडली. वाचायचं नव्हतं, वाचलं. अक्षर थरथरलेलं होतं. "स्वतःसाठी. चार पौर्णिमा केलं. गाठ वाढली. निष्कर्ष, लागू नाही. तरी केल्यावर झोप लागते, म्हणून चालू ठेवते." यापुढे मी पान उलटलं नाही, पण तिचं 'वाचू नको' मोडलंच. इतका स्वच्छ निष्कर्ष मी माझ्या एकाही प्रयोगाखाली कधी लिहिला नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या अंगणातल्या प्रयोगाखाली तर नाहीच. रडू आलं ते तिथंच, शीलासमोर, घमेल्याशेजारी. शीला म्हणाली, "जाळा नाही तर नका जाळू. पण या टायमाले कोणासाठी करून राहिले, ते तरी पाहा."

मी उठून वही उन्हात वाळवली. पुठ्ठ्यावरचा जांभळा डाग आता तपकिरी झाला आहे, तिच्या बोटांवर असायचा तसा. औषधाच्या दुकानातून नव्या खड्यांची पुडी आणली आहे. काडी ओढून वही पेटवता येते, हे मलाही कळतं, पण तिनं काडेपेटी ठेवली नव्हती. शीलानं माळ्यावरून जुना खलबत्ता काढून, धुऊन, ओट्यावर ठेवला त्यालाही पंधरवडा होत आला. रोज चहा घेताना तो समोर दिसतो. मिता आठवीत असताना पाच मिनिटांत कुटायची. मी बत्ता हातात घेतो, आणि पुन्हा ठेवून देतो.