सोयरिकीच्या वह्या आणि भाड्याचा सर्व्हर

परळीला सून म्हणून आले तेव्हा माझ्याजवळ कॉम्प्युटरचा एक डिप्लोमा होता आणि घरात त्याचा कुणाला फारसा उपयोग नव्हता. आमचं कापडाचं दुकान. सासऱ्यांना सगळेच आप्पा म्हणत. दुकानाइतकंच त्यांचं दुसरं काम म्हणजे समाजातल्या सोयरिकी जुळवणं. लग्नाच्या मुलामुलींची माहिती त्यांनी तीन जाड वह्यांत लिहिलेली, शेजारी डिंकानं चिकटवलेले फोटो. नांदूरघाटहून, चकलांब्याहून, कुठून कुठून माणसं त्या वह्या बघायला येत, दुकानातल्या गादीवर बसून पानं उलटत आणि चहा घेऊन जात.

गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. या वह्या इंटरनेटवर ठेवल्या तर नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुलंही बघतील, असं मी आप्पांना सुचवलं. ते लगेच हो म्हणाले. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा मी माहिती टाइप करायचे, अर्थात लाइट असली तर. गावात कोळशावरचं वीजकेंद्र असून आम्हाला भारनियमन चुकलेलं नव्हतं, आणि त्याची राख कीबोर्डवर रोज बसायची. ती फडक्यानं पुसून कामाला लागायचं.

सुरुवातीला आमची वेबसाइट एका कंपनीच्या सामाईक जागेवर होती. फोटो जड, बघणारे बरेच, म्हणून कंपनीनं ती दोनदा बंद केली. तेव्हा मी वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर घ्यायचं ठरवलं, म्हणजे परदेशातल्या एका मोठ्या मशीनचा आपल्यापुरता तोडलेला तुकडा. त्यावर लिनक्स. पुण्यातल्या भावाच्या कार्डावरून तो भाड्यानं घेतला. जाहिरातीत ‘अनमॅनेज्ड’ असं लिहिलेलं होतं. वीज आणि जोडणी कंपनीची, आतलं सगळं ज्याचं त्यानं बघायचं, असा त्याचा अर्थ. मी तो शब्द वाचला आणि पुढे गेले.

ईमेलमध्ये मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता म्हणून चार आकडे, ‘रूट’ हे नाव आणि एक पासवर्ड आला. रूट म्हणजे त्या मशीनचा सर्वाधिकारी. आत शिरले तर काळी खिडकी आणि लुकलुकणारी एक खूण. माऊसनं दाबायला काही नाही, डेस्कटॉप नाही. नेटकॅफेतून एक मार्गदर्शिका छापून आणली होती, तिच्यावर बोट ठेवून एकेक आज्ञा टाइप करायचे. एक अक्षर चुकलं की मशीन नकार द्यायचं. चौथ्या दिवशी वेबसाइट उभी राहिली आणि मी आप्पांना दुकानातून बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावून आपलीच वही पडद्यावर पाहिली.

“ह्ये मशीन हाय कुठं?” त्यांनी विचारलं. मी अमेरिका म्हणाले. ते म्हणाले, “मग तिथं कुलूप कोण लावतंय?”

मी हसून पासवर्ड असतो असं सांगितलं. कंपनीनं दिलेला लांबलचक पासवर्ड मी बदलून सोपा केला होता, दुकानाचं नाव आणि पुढे तीन आकडे. मार्गदर्शिकेच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं की आधी स्वतःसाठी वेगळं खातं उघडा, रूटचा बाहेरून प्रवेश बंद करा, पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरा. ते प्रकरण मला अवघड वाटलं. नंतर करू म्हणून मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: तुमचा सर्व्हर दुसऱ्यांच्या मशीनांवर हल्ले करतो आहे, म्हणून आम्ही त्याची जोडणी तोडली. मी घाबरून मदत मागितली. उत्तर दोन ओळींचं होतं. आत काय झालं ते तुमचं तुम्ही बघा, हवं तर सगळं पुसून नव्यानं सुरू करा.

कंपनीच्या पानावरून आत बघायची एक वाट शिल्लक होती. तिथून मी नोंदींची फाइल उघडली. पासवर्ड चुकला, चुकला, चुकला, अशा ओळी पानामागून पानं. मग एक ओळ: स्वीकारला. ज्या पत्त्यावरून तो टाकला होता तो माझा नव्हता. त्या मशीनवर लोकांच्या मुलींचे फोटो होते, वडिलांची नावं होती, घरचे फोन नंबर होते. आत शिरलेल्या माणसानं ते नेलं की नाही हे नोंदींतून कळत नव्हतं.

नवरा म्हणाला, कुणाला कळणार आहे, पुसून टाक आणि गप्प बस. एक दिवस मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा लिंगपूजा करून उठले तेव्हा सगळं सांगितलं, सोपा पासवर्ड आणि सोडलेलं प्रकरणसुद्धा. ते रागावले नाहीत.

“नेलं का न्हाई ते कळत न्हाई म्हणतीस,” ते म्हणाले. “मग नेलंच असं धरून सांगावं लागंल.”

त्यांनी वह्या घेतल्या आणि फोनजवळ बसले. घरामागून घर. आमच्याकडून चूक झाली, एवढंच ते म्हणायचे. माझा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. दोन दिवस ते चाललं. बऱ्याच जणांना नक्की काय झालं ते समजलं नाही. काहींनी मुलीची माहिती काढायला सांगितली. नांदूरघाटचे एक गृहस्थ स्वतः आले, वहीतला फोटो उचकटून खिशात घातला आणि चहा न घेता गेले. आप्पा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

चकलांब्याच्या एका घरी फोन मुलीनंच उचलला. आप्पांनी तो माझ्याकडे दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“माझा फोटो तिथं हाय, हेच मला आज कळतंय,” ती म्हणाली. “मला कुणी इचारलंच न्हाई.”

वडिलांनी दिला होता, असं म्हणून बघितलं. ती म्हणाली, ते ठीक हाय, पर फोटो माझा हाय. मी माफी मागितली. आप्पांनी इतरांची मागितली ती चोरीसाठी होती, ही तिला न विचारल्याबद्दल.

त्यानंतर मी सर्व्हर पूर्ण पुसला आणि यावेळी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात केली. वेगळं खातं, किल्ली, रूटला बाहेरून बंदी. फायरवॉल लावताना ज्या दारातून मी आत जायचे तेच बंद केलं आणि स्वतःच बाहेर राहिले. परत कंपनीच्या पानावरून आत जाऊन ते उघडलं. दर सोमवारी सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या घालायच्या आणि सगळ्याची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, असा नेम केला.

वेबसाइट परत सुरू झाली तेव्हा तिच्यावर फोटो नव्हते, फोन नंबरही नव्हते. गाव, शिक्षण, वय, एवढंच. पुढची चौकशी आप्पांकडे. आणि मुलीशी स्वतः बोलल्याशिवाय मी तिची माहिती चढवायची नाही, असं ठरलं. आप्पांना हे आधी अवघड वाटलं. बापाला सोडून मुलीशी कसं बोलायचं, असं ते म्हणाले. मी बोलीन म्हटलं. तेव्हापासून घरचा फोन दुपारी माझ्याकडे असायचा. काही मुली हो म्हणायच्या, काही थांबा म्हणायच्या, आणि एकीनं तर शिक्षण पुरं होईपर्यंत वहीतूनही नाव काढायला लावलं. तिच्या वडिलांची समजूत आप्पांनीच घातली.